अंबुये म्हणजे कोण

एसिनातीकडे शेवटी एकच शब्द उरला होता आणि तो ती दिवसभर ओरडून वापरायची. अंबुये. सकाळी अंग पुसायला घेतलं की अंबुये, पेजेचा चमचा तोंडाशी नेला की अंबुये, आणि दुपारी सगळ्यांचा डोळा लागला की हमखास अंबुये. तिची खाट माझ्या खाटेला लागून. माझा नवरा गेला, मुलगा जोहान्सबर्गला गेला तो गेलाच, गुडघेही गेले, पण कान तेवढे शाबूत राहिले. बहुधा त्यासाठीच राहिले असावेत.

आमच्या या वृद्धाश्रमात बहुतेक सगळे मलावीकडचे. खाणींवर आणि गोऱ्यांच्या मळ्यांवर राबायला म्हणून झिम्बाब्वेत आलो आणि परत जायचं राहून गेलं. इथल्या शोना माणसाला म्हातारपणी गाव असतं, कूळ असतं, भांडायला का होईना भाऊबंद असतात. आम्हाला हा वऱ्हांडा आहे. वऱ्हांड्यात बाक आहेत आणि बाकांवर आम्ही आहोत.

आता या एका शब्दाची गंमत सांगते. शोना लोक प्रत्येक म्हातारीला ‘अंबुया’ म्हणतात, म्हणजे आजी. त्यामुळे आमची सिस्टर शुवाई सुरुवातीला धावत यायची आणि माझ्यावरच ओरडायची, “अहो अंबुया लायनेस, ती मघापासून तुम्हाला हाका मारतेय. ओ द्यायला काय जातं तुमचं?” मी सांगायचे, “बाई गं, ती अंबुया नाही म्हणत, अंबुये म्हणतेय. आमच्या चेवा भाषेत आहे ते.” शुवाई म्हणायची, “तेच ते,” आणि निघून जायची. तिच्या जिभेला फरकच कळायचा नाही, आणि माझ्यात समजावत बसण्याइतका धीर नाही.

चेवा भाषेत अंबुये म्हणजे प्रभू. देवळात, प्रार्थनेत, गाण्यांत, सगळीकडे प्रभूला अंबुयेच म्हणतात. पण एसिनाती ज्या डोंगराकडची, तिथे आजीलाही अंबुयेच म्हणतात. देव आणि आजी, दोघांना एकच हाक. ज्याला मारली त्याने ओळखायची.

हे सगळं मला माहीत होतं, आणि आमच्या पाद्रीबाबाला निम्मं माहीत होतं. तिथेच सगळा घोटाळा झाला.

पाद्रीबाबाचं नाव न्यामुकापा. तरुण पोर, उंच, अंगातला काळा कोट एका मापाने मोठा, कारण तो आधीच्या पाद्र्याचा होता. दर गुरुवारी सायकलवरून यायचा. आम्हाला वऱ्हांड्यात जमवायचा, वाचन करायचा, दोन गाणी म्हणायचा, मग एकेकाच्या खाटेशी जाऊन डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा. त्याचा आवाज चांगला होता. आणि एक गोष्ट मान्य करायला हवी, तो नाक दाबत नसे. आमच्या खोल्यांना वास येतो, आम्हालाही येतो. बाकीचे पाहुणे दारातूनच आशीर्वाद देऊन जायचे. हा खाटेवर बसायचा.

त्याची बायको नर्स. ती इंग्लंडला गेली होती, तिथल्या वृद्धाश्रमात कामाला. सगळ्यांच्याच घरचं कोणी ना कोणी तिकडे आहे, त्यात नवल नाही. पण मी त्याला चिडवायचे.

“पाद्रीबाबा, बायको तिकडे गोऱ्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते आणि तू इकडे काळ्या म्हाताऱ्यांना आशीर्वाद देतोस. धंदा एकच झाला की रे तुमचा!”

“तिचं काम जास्त खरं आहे, अंबुया,” तो म्हणायचा. “आंघोळ झाली की माणूस स्वच्छ झालेला तरी दिसतो.”

“आणि तुझा आशीर्वाद?”

“तो दिसत नाही.”

तो हसून बोलायचा. मी चार घरी मोलकरीण म्हणून राहिले आहे, माणूस खरं कुठे हसतो आणि वरवर कुठे, ते मला कळतं.

एसिनातीची हाक त्याने पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो दुसऱ्याच कोणासाठी प्रार्थना करत होता. मध्येच थांबला. पाद्री होण्याचं शिक्षण घेताना त्याच्या खोलीत एक मलावीचा मुलगा राहायचा, त्याच्याकडून दोन-चार चेवा गाणी शिकला होता. त्यामुळे हा शब्द त्याला ठाऊक होता. तो एसिनातीच्या खाटेशी आला, गुडघ्यांवर बसला आणि तिचा हात धरून म्हणाला, “आमेन.” ती त्याच्याकडे न बघता दाराकडे बघत पुन्हा म्हणाली, “अंबुये.” तो पुन्हा म्हणाला, “आमेन.” कितीतरी वेळ दोघांचं हेच चाललं. मला हसू आवरेना, मी डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं.

त्यानंतर तो दर गुरुवारी आधी तिच्याकडे जायला लागला. मग एकदा उपासना संपल्यावर माझ्या शेजारी बाकावर बसला आणि आपणहून बोलला.

“अंबुया, खरं सांगू? मी प्रार्थना करतो तेव्हा समोर कोणी आहे असं मला वाटत नाही. बरेच दिवस झाले. रिकाम्या घराचं दार वाजवत उभं राहावं तसं होतं. बिशपना भेटून सांगणार होतो की मला मोकळं करा.”

“मग?”

“मग या बाईला ऐकलं. स्वतःचं नाव विसरली, नवऱ्याचं विसरली, पोटची पोरं विसरली. सगळं पुसलं गेलं आणि तळाशी काय राहिलं? प्रभू. शिकवून राहिलेलं नाही, घोकून राहिलेलं नाही. ते राहिलं म्हणजे ते आहे. हो ना? हिच्या जिवावर मी अजून ही पांढरी कॉलर घालतोय.”

मी काहीच बोलले नाही. शुवाईला विचारा, असं कधी होत नाही.

कारण एसिनाती आणि देव यांचा संबंध मला चांगला ठाऊक होता. नव्हताच. मळ्यावरच्या चाळीत तिने जन्मभर बाजरीची दारू करून विकली. रविवारी उपदेशक आले की ती त्यांना म्हणायची, तुमचं लवकर आटपा, माझं गिऱ्हाईक खोळंबलंय. मन शाबूत होतं तेव्हा ती माझ्याशी तासन्‌तास बोलायची, आणि आजीची गोष्ट सांगताना तर हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आईबाप नव्हते, आजीने वाढवली. पहाटे चूल विझलेली असली की आजी तिला खापर देऊन पिटाळायची, जा, शेजारून विस्तव घेऊन ये. एका सकाळी अशीच निघाली. वाटेवर मळ्यासाठी माणसं भरून नेणारा ट्रक उभा होता, आणि ट्रकमध्ये फिलिमोन नावाचा दात पुढे असलेला एक पोरगा. त्याने हात दिला. हिने खापर वाटेच्या कडेला ठेवलं आणि चढली. “म्हातारी अजून चुलीवर पाणी ठेवून बसली असेल बघ,” एसिनाती म्हणायची, “आणि शिव्या घालत असेल, मेली विस्तव आणायला गेली की विस्तव बनवायला!” मीही हसायचे. गोष्ट हसण्यासारखीच होती. मग तिचं मन हळूहळू गेलं, शब्द गेले, आणि ती दाराकडे बघून आजीला हाका मारायला लागली.

हे मी पाद्रीबाबाला कसं सांगणार होते? देवाशी माझं स्वतःचं फारसं कधी जमलं नाही. दिलं तेवढं त्याने परत घेतलं, असा आमचा व्यवहार. पण या पोराकडे एकच काडी होती आणि तो ती धरून होता. काडी कसली आहे हे मी कशाला सांगू? तिकडे तो आमेन म्हणत होता, इकडे ती ज्याची वाट बघत होती ते उत्तर तिला कोणीच देत नव्हतं. दोघांचीही मला कीव यायची आणि रागही यायचा.

मग त्याने चूक केली. तिच्याबद्दल देवळात सांगितलं. पुढच्या गुरुवारी मंडळीतल्या बायका आल्या, लाल ब्लाउज, पांढऱ्या टोप्या, काळे स्कर्ट, सगळ्या आमच्या खोलीत दाटीवाटीने उभ्या. पुढे माई चिदाक्वा, त्यांची पुढारीण, जिचा आवाज नदीपलीकडच्या माणसालाही उठवेल असा. पाद्रीबाबा घामेजला होता. नव्या नवरीला सासरच्यांसमोर गायला लावल्यावर तिच्या बापाने बघावं, तसा तो एसिनातीकडे बघत होता.

“बघा हं,” माई चिदाक्वा बायकांना म्हणाली. “साक्ष म्हणतात ती ही.”

एसिनाती गप्प. जन्मभर लोकांना हवं ते तिने कधी केलं नाही, आता कशाला करेल? बायकांनी एक गाणं म्हटलं. तरी गप्प. मागे कोणीतरी खोकलं. पाद्रीबाबाचा चेहरा उतरला आणि मला वाटलं, बरं झालं, सुटलो.

तेवढ्यात घोळक्यातली एक बुटकी म्हातारी खाटेजवळ आली. तीही लाल ब्लाउजमध्येच होती, पण तिच्या घरी लाकडाची चूल असणार, कारण तिच्या कपड्यांना धुराचा वास होता. मलाही तो आला. एसिनातीने नाक वर केलं. कित्येक महिन्यांत वळली नव्हती ती मान वळली. तिने त्या म्हातारीचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि चेवात, अगदी लख्ख, लहान पोरीच्या आवाजात बोलली. एका शब्दाच्या वर आम्ही काही ऐकलंच नव्हतं, आणि ही भडाभडा बोलत होती.

“अंबुये, मी विस्तव आणला. वाटेत थांबले नाही. हात भाजला माझा. मारू नका.”

बायकांना फक्त अंबुये कळलं होतं. ती बुटकी म्हातारी घाबरून मनगट सोडवायला बघत होती.

“काय म्हणाली?” माई चिदाक्वाने विचारलं. “इथे चेवा कोणाला येतं?”

आमच्यातले बाकीचे बाहेर वऱ्हांड्यात होते, खोलीत चेवावाली मी एकटीच, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पाद्रीबाबानेही. त्याचे डोळे मी नाही विसरणार. खाणीत दगड कोसळल्यावर तोंडाशी उभ्या असलेल्या बायका वर येणाऱ्या माणसाकडे बघतात, तसे होते ते.

मी म्हणाले, “ती म्हणतेय, प्रभू, मी विस्तव आणला.”

मी एकच शब्द बदलला होता. पण त्या शब्दावर खोली पेटली. माई चिदाक्वाने दोन्ही हात वर केले. “ऐकलंत? विस्तव! आत्म्याचा अग्नी! या खाटेवर पडलेल्या गरीब बाईने तो जपून ठेवला आणि आपण? आपल्या चुली विझल्या बायांनो!” मग रडारड, गाणी, टाळ्या, पायांनी ठेका. जमीन हादरली. एसिनाती बिचारी त्या गोंगाटात मनगट घट्ट धरून पुटपुटत राहिली, मारू नका, मारू नका. शेवटी शुवाईने तिची बोटं एकेक करून सोडवली आणि धुराच्या वासाची म्हातारी गर्दीत निघून गेली.

बायका बसमध्ये चढल्यावर पाद्रीबाबा परत आत आला. माझ्या खाटेच्या कडेला बसला.

“अंबुया, ती बरंच बोलली. तुम्ही एकच वाक्य सांगितलंत.”

“म्हातारी झाले. विसरले.”

“तुम्ही काहीच विसरत नाही. माझ्या बायकोने मागच्या नाताळला काय पाठवलं तेसुद्धा तुमच्या लक्षात आहे.” तो थांबला. “ती ‘मारू नका’ असं काहीतरी म्हणाली. माझ्या त्या मलावीच्या मित्राची आई त्याला मारायची, त्या गोष्टी तो चेवातच सांगायचा. तेवढं मला कळतं. प्रभूला कोणी असं म्हणतं का?”

मग मी सांगितलं. सगळं. आजी, खापर, ट्रक, फिलिमोनचे दात. कोणी समोर बसून असं विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही, गर्दीत येतं. तो ऐकत होता आणि मधूनमधून कॉलरीत बोट घालत होता.

“म्हणजे तिने प्रभूला हाक मारलीच नाही.”

“नाही.”

“एकदाही?”

“अरे, ती प्रभूला दारू उधार देत नव्हती, हाक कुठून मारणार?”

त्याला हसू आलं. अगदी खरं हसू आलं, आणि ते बराच वेळ थांबेना. मला ते आवडलं नाही. मग तो म्हणाला, “तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“हो.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“कारण तू खूश होतास,” मी म्हणाले. “या घरात खूश माणूस बघून मला बरं वाटत होतं. आता आणखी काय सांगू?”

तो उठला. जाताना त्याने एसिनातीच्या डोक्यावर हात ठेवला, पण प्रार्थना केली नाही.

त्यानंतर काही गुरुवार तो आला नाही. आम्ही वऱ्हांड्यात बसायचो आणि रस्त्याकडे बघायचो. शुवाई म्हणाली, आजारी असेल. मग एका सकाळी, गुरुवार नसताना, तो आला. कॉलर नव्हती. निळा शर्ट घातला होता आणि त्यात तो अगदीच पोरसवदा दिसत होता.

“निघालोय, अंबुया. इंग्लंडला. बायकोच्याच ठिकाणी काम मिळतंय.”

“पाद्र्याचं?”

“नाही. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायचं, भरवायचं.”

“आणि इथल्या म्हाताऱ्यांना?”

त्याने बुटांकडे बघितलं. मी उगाच विचारलं. या देशातलं कोणतं पोर याचं उत्तर देऊ शकणार आहे?

“असं कर,” मी म्हणाले, “जायच्या आधी एक काम कर. तू तिला इतके दिवस आमेन म्हणालास. ती आमेनची वाट बघत नाहीये. तिला उत्तर दे.”

“मी? आजी म्हणून?”

“इथे दुसरं कोण आहे? माझा आवाज तिला पाठ आहे, मी ओरडले की ती तोंड फिरवते. तू वेगळा आहेस. म्हण, ब्वेरा कुनो, म्वाना वांगा. इकडे ये, माझ्या पोरी.”

त्याने ते शब्द दोन-तीनदा म्हणून बघितले. मग तो तिच्या खाटेशी गुडघ्यांवर बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसाच. ती म्हणाली, “अंबुये.” आणि त्याने त्या चांगल्या आवाजात, अगदी हळू, सांगितलं, “ब्वेरा कुनो, म्वाना वांगा.”

एसिनाती गप्प झाली. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी कोणत्याच उपासनेत बघितलं नव्हतं.

मग तिने नजर वळवली, त्याच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं आणि हाक मारली. “अंबुये.”

त्याने उठून गुडघे झटकले.

“नाही जमलं, अंबुया.”

“नाही,” मी म्हणाले. “तू ती नाहीस.”

त्याने माझे दोन्ही हात धरले, आणि सायकल शुवाईच्या भावाला देऊन चालत गेला. मी वऱ्हांड्यात गेले नाही. गुडघे दुखत होते, आणि मला रडू येत होतं.

एसिनाती थंडीत गेली. जेवणाच्या वेळेला गेली, त्यामुळे कळायला जरा उशीर झाला. आम्हाला वाटलं, आज शांत आहे. पुरायला नवा पाद्री नव्हता, म्हणून माई चिदाक्वा आली, बायकांना घेऊन. खड्ड्याशी उभी राहून तिने सगळ्या मंडळींना सांगितलं, ही ती बाई, जिने मरेपर्यंत प्रभूचं नाव सोडलं नाही, जिने आत्म्याचा विस्तव आणला. बायका रडल्या. ज्याच्यासाठी मी तो शब्द बदलला होता तो माणूस निघून गेला होता आणि बदललेला शब्द मात्र तिथे उभा राहून गात होता. मला खड्ड्यात माती टाकायला लावली. मी टाकली आणि तोंड उघडलं नाही. ती बुटकी म्हातारीही आली होती. वाऱ्याबरोबर तिचा वास आला आणि मी दुसरीकडे जाऊन उभी राहिले.

आता शेजारची खाट रिकामी आहे. शुवाईने गादी उन्हात टाकली आणि परत आणली नाही. दुपारी घर इतकं शांत असतं की मला झोप लागत नाही. इतकी वर्षं त्या हाकेला शिव्या घातल्या, आणि आता पडल्या पडल्या कान तिकडेच असतात.

परवा दुपारी अशीच पडले होते. सगळे घोरत होते. दार उघडं होतं आणि दारात कोणी नव्हतं. आणि माझ्या तोंडून, माझ्याच आवाजात, मोठ्याने गेलं, “अंबुये.”

शुवाई धावत आली. “कोणाला हाक मारलीत? जागी अंबुया तर इथे तुम्ही एकट्याच आहात.”

माझ्या आजीला मी कधी बघितलंच नाही, ती माझ्या जन्माआधीच गेली. देवाचं तर मी सांगितलंच. मग कोणाला मारली असेल? माझं मलाच कळेना आणि मी घाबरले. माझी जीभ जाईल, नाव जाईल, सगळं जाईल तेव्हा तळाशी हेच राहणार, आणि ते ऐकून आमेन म्हणणारा एक वेडा पोरगा होता, तोही आता दुसऱ्या देशात दुसऱ्यांची अंगं पुसतोय.

“कोणाला नाही गं,” मी शुवाईला म्हणाले. “तू थोडा वेळ बस इथे.”

“कामं पडलीत, अंबुया,” ती म्हणाली आणि गेली.

मी दाराकडे बघत राहिले.